आरोप चोरीचा, चर्चा हेरगिरीची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या एखाद्या कंपनीवर बौद्धिक संपदा चोरल्याचा आरोप झाला की दोन दिवसांत चर्चा हेरगिरीवर जाऊन पोहोचते. ज्याने दुसऱ्याचा कोड उचलला तो आपली माहितीही उचलणारच, तेव्हा त्याचे सामान नको, असे एक बाजू म्हणते. आरोप करणारी कंपनी प्रतिस्पर्धीच आहे, तेव्हा हे सगळे धंद्याचे राजकारण, असे दुसरी म्हणते. राउटर आणि स्विच, म्हणजे जाळ्यातली माहिती योग्य ठिकाणी पाठवणाऱ्या पेट्या, विकत घेऊन आठ-दहा वर्षे चालवणाऱ्यांना यातल्या एकाही बाजूचा फारसा उपयोग नाही. चोरीच्या आरोपातून खरेदीदाराला कळण्यासारखे बरेच असते, पण ते वेगळ्या ठिकाणी सापडते: पॅच (त्रुटीची दुरुस्ती) वेळेवर येईल का, सुटा भाग मिळेल का, आणि फर्मवेअरमध्ये (उपकरणात भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) नेमके काय आहे हे बनवणाऱ्याला तरी ठाऊक आहे का. त्याविषयी हे पत्र.

यातले सगळ्यांत गाजलेले प्रकरण अमेरिकी सिस्को आणि चिनी हुआवे या कंपन्यांचे. जानेवारी २००३ मध्ये सिस्कोने टेक्सासमधल्या संघीय न्यायालयात दावा लावला. आरोप असा की हुआवेच्या राउटरमध्ये सिस्कोच्या आयओएस या राउटर चालवणाऱ्या प्रणालीचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) आणि कमांडची रचना उचललेली आहे, माहितीपुस्तिकेतला मजकूरही उचललेला आहे, आणि कोडबरोबर सिस्कोच्या चुकासुद्धा तशाच आल्या आहेत. हुआवेने काही कमांड, पुस्तिका आणि कोडचा काही भाग बदलायचे मान्य केले आणि जुलै २००४ मध्ये दावा निकालाविना संपला. पुढे २०१२ मध्ये सिस्कोने त्या वेळच्या तटस्थ तज्ज्ञाच्या अहवालातला एक उतारा जाहीर केला. त्यात अक्षरांच्या दोन ओळींची तुलना करणाऱ्या एका लहानशा फंक्शनची चर्चा आहे. दोन्हीकडच्या कोडमधल्या टिपा आणि मोकळ्या जागासुद्धा जुळत होत्या.

वकिलाला यात पुरावा दिसतो. देखभाल करणाऱ्याने मात्र ‘चुकाही तशाच आल्या’ या आरोपापाशी थांबावे. मूळ कंपनीला एखादी त्रुटी सापडली की ती दुरुस्ती काढते आणि सूचना प्रसिद्ध करते. ती सूचना हल्लेखोरही वाचतो. नक्कल करणाऱ्याकडे तीच त्रुटी असते, पण ती आपल्याकडे आहे हे मान्य केले तर कोड कुठून आला हेही मान्य केल्यासारखे होते. मग दुरुस्ती गुपचूप होते किंवा होतच नाही. त्या उत्पादनाच्या नावावर सीव्हीई क्रमांक, म्हणजे जाहीर त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक, निघत नाही. आणि आपली असुरक्षा तपासणारी बहुतेक साधने उत्पादनाचे नाव, आवृत्ती आणि सीव्हीई क्रमांक यांची सांगड घालूनच चालतात, त्यामुळे अहवालात सगळे हिरवेगार दिसते. चोरलेल्या कोडचा खरा धोका हा आहे. त्यासाठी कोणी हेर असण्याची गरज नाही. शिवाय तो कोड ज्याने लिहिला तो माणूस त्या कंपनीत बसलेला नसतो. अमुक अट अशी का लिहिली हे सांगणारे कोणी नसल्यामुळे एक जागा दुरुस्त करताना दुसरी बिघडते.

म्हणून आरोपाची बातमी वाचताना पहिला प्रश्न विचारायचा तो असा: चोरी नेमकी कशाची? सोर्स कोडची, कमांडच्या शब्दांची, पेटंटची, की फुटलेल्या कर्मचाऱ्यांनी नेलेल्या कागदपत्रांची? या चारही गोष्टींना बातमीत ‘चोरी’ हाच शब्द असतो, पण खरेदीदारासाठी त्यांचे वजन फार वेगळे आहे.

कमांडच्या शब्दांचे उदाहरण अरिस्टा या स्विच बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचे. डिसेंबर २०१४ मध्ये सिस्कोने अरिस्टावर दावे लावले. कमांडच्या स्वामित्वहक्काच्या बाबतीत डिसेंबर २०१६ मध्ये ज्यूरीने अरिस्टाच्या बाजूने कौल दिला. असे शब्द या क्षेत्रात रूढच आहेत, हा बचाव मान्य झाला. एका कंपनीच्या स्विचवर शिकलेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर काम करू शकतो ही खरेदीदाराची सोय आहे, त्यावरून अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. पेटंटची बाजू मात्र अरिस्टाला जड गेली. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने २०१६ मध्ये उल्लंघन ठरवून आयातबंदीचा आदेश काढला, आणि अरिस्टाला आपले सॉफ्टवेअर त्या पेटंटांना वळसा घालून नव्याने बांधावे लागले. शेवटी ऑगस्ट २०१८ मध्ये अरिस्टाने ४० कोटी डॉलर देऊन तंटा मिटवला. त्या पेटंटांपैकी काही प्रायव्हेट व्हीलॅन (एकाच जाळ्यातल्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे) या सुविधेची होती. आता ज्याने आपल्या जाळ्याची आखणीच प्रायव्हेट व्हीलॅनवर केली असेल, त्याच्यासाठी ‘सुविधा नव्या पद्धतीने बांधली’ या वाक्याचा अर्थ सगळी चाचणी पुन्हा करणे एवढा मोठा होतो.

कर्मचाऱ्यांनी नेलेल्या मालाचे ठळक उदाहरण अमेरिकी मोटोरोला सोल्यूशन्स आणि चिनी हायटेरा यांचे, डिजिटल वॉकीटॉकी यंत्रणेचे. मोटोरोलाच्या मलेशियातल्या कार्यालयातून गेलेल्या अभियंत्यांनी हजारो कागदपत्रे आणि सोर्स कोड नेला, हा आरोप शिकागोच्या ज्यूरीने फेब्रुवारी २०२० मध्ये मान्य केला आणि ७६.४६ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पुढे ती रक्कम कमी झाली. खरेदीदाराने लक्षात ठेवावा तो प्रसंग एप्रिल २०२४ मधला. चीनमधल्या एका समांतर दाव्यावरून चिडलेल्या अमेरिकी न्यायालयाने हायटेराला तिचे असे रेडिओ जगभर कुठेही विकू नका, असा आदेश दिला. अपील न्यायालयाने सुमारे दोन आठवड्यांत त्याला स्थगिती दिली. पण ते दोन आठवडे ज्याची ऑर्डर वाटेत होती त्याला विचारा.

थोडक्यात, चोरीच्या दाव्याची झळ ग्राहकाला पुरवठ्यातून लागते. दावा चोरीचा असो वा निर्बंध मोडल्याचा, वाट तीच. झेडटीई या चिनी दूरसंचार कंपनीवर एप्रिल २०१८ मध्ये निर्यात निर्बंध मोडल्याच्या प्रकरणातल्या तडजोडीच्या अटी न पाळल्याबद्दल कारवाई झाली, अमेरिकी सुटे भाग बंद झाले आणि मे महिन्यात त्या अवाढव्य कंपनीचे मुख्य कामकाज थांबले. ब्रिटनने जुलै २०२० मध्ये हुआवेला ५जी जाळ्यांतून २०२७ अखेरपर्यंत काढायचे ठरवले. हा निर्णय एखादा बॅकडोअर (आत शिरण्याची छुपी वाट) सापडला म्हणून झाला, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात अमेरिकेने मे २०२० मध्ये चिपवरचे निर्बंध कडक केल्यामुळे पुढची उपकरणे कोणत्या भागांची असतील आणि ती तपासता येतील का याची खात्री उरली नाही, हे कारण तिथल्या सायबर सुरक्षा केंद्राने पुढे केले होते.

त्याच ब्रिटनने केलेले एक काम मात्र जगात कुठल्याही खरेदी अधिकाऱ्याने वाचावे असे आहे. बॅनबरी इथे २०१० पासून हुआवेच्याच खर्चाने एक तपासणी केंद्र चालत आले, ज्यात हुआवेचा सोर्स कोड उघडून पाहिला जाई. त्याच्या देखरेख मंडळाचा २०१९ चा अहवाल कोरडा आहे, पण त्यातले आकडे बोलके आहेत. मोबाइल मनोऱ्यावरच्या एका उत्पादनात ओपनएसएसएल या कूटलेखन संचाच्या चार वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या मिळून ७० पूर्ण प्रती सापडल्या, शिवाय १४ आवृत्त्यांचे ३०४ तुकडे. स्मृतीतली माहिती एका जागेहून दुसरीकडे नेणारी असुरक्षित फंक्शने ६०० हून अधिक ठिकाणी थेट वापरलेली होती. आणि सगळ्यांत मोठी अडचण अशी, की दिलेला सोर्स कोड संकलित केल्यावर प्रत्यक्ष विकल्या जाणाऱ्या फर्मवेअरशी जुळणारीच बायनरी (यंत्राला चालवता येणारी फाइल) निघते हे खात्रीने दाखवता येत नव्हते. म्हणजे तपासला तो कोड आणि बसवला तो कोड एकच, हे कोण सांगणार? या त्रुटी चिनी सरकारच्या हस्तक्षेपामुळे आहेत असे मंडळाने म्हटले नाही. ढिसाळ अभियांत्रिकी, एवढाच निष्कर्ष. पण ७० प्रती असतील तर एका त्रुटीचा पॅच ७० जागी लावायचा असतो, आणि एक जागा राहून गेली तर हल्लेखोराला तेवढी पुरते.

आता ज्यांच्यावर चोरीचा आरोप नाही, त्यांच्याकडे पाहू. डिसेंबर २०१५ मध्ये ज्युनिपर या अमेरिकी कंपनीने स्वतःच जाहीर केले की तिच्या स्क्रीनओएस या फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणाऱ्या) प्रणालीत अनधिकृत कोड सापडला. एका बदलामुळे ठरावीक पासवर्ड टाकून कोणालाही प्रशासक म्हणून आत शिरता येत होते. दुसऱ्या बदलामुळे व्हीपीएनची (कूटलेखनाने झाकलेल्या जोडणीची) वाहतूक नुसती टिपून उलगडता येत होती. हा दुसरा बदल असलेल्या आवृत्त्या २०१२ पासून ग्राहकांकडे चालू होत्या. कुंपणाने शेत खाल्ल्याचे याहून चपखल उदाहरण या धंद्यात नसेल. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांत अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचे लोक ग्राहकाकडे निघालेली सिस्कोची खोकी वाटेत उघडून त्यात आपला कोड घालताना दिसले. त्याच वर्षी हेही बाहेर आले की एनएसए हुआवेच्या सर्व्हरमध्ये घुसली होती. चोरावर मोर, दुसरे काय.

सिस्कोचा २०१९ चा एक प्रकार तर गमतीदार आहे. तिच्या लहान व्यवसायांसाठीच्या २५०, ३५० आणि ५५० मालिकेतल्या स्विचच्या फर्मवेअरमध्ये हुआवेच्या अमेरिकी उपकंपनीच्या नावाने निघालेली डिजिटल प्रमाणपत्रे आणि कूटलेखनाच्या किल्ल्या सापडल्या. घातपात नव्हता. ओपनडेलाइट या मुक्त सॉफ्टवेअरच्या चाचणी संचाबरोबर त्या आल्या होत्या आणि विक्रीला जाण्यापूर्वी काढायच्या राहून गेल्या होत्या. आपल्या पेटीत काय आहे हे आरोप करणाऱ्या कंपनीलाही नेहमी ठाऊक असते असे नाही. तेव्हा कंपन्यांची चांगली-वाईट यादी करून चांगल्या यादीतले विनातपासणी बसवायचे, ही पद्धत चुकीची आहे. यादी जरूर ठेवा, कायद्याने बंधनकारक असेल तर पाळाच, पण तपासणी सगळ्यांची सारखीच करा.

तपासणीची सुरुवात निविदेच्या मसुद्यापासून होते. प्रत्येक करारात बौद्धिक संपदेच्या दाव्यापासून ग्राहकाला संरक्षण देणारे कलम असते आणि ते वाचून बहुतेकांचे समाधान होते. ते शेवटपर्यंत वाचा. विक्रेत्याला तीन पर्याय असतात: हक्क मिळवून देणे, बदली उपकरण देणे, नाहीतर घसारा वजा जाता पैसे परत करणे. घसारा पाच वर्षांचा धरलेला असेल तर चौथे वर्ष संपताना किमतीचा जेमतेम पाचवा हिस्सा हातात येतो, आणि उपकरण काढून दुसरे बसवण्याची मजुरी, बंद काळाचे नुकसान, कर्मचाऱ्यांचे नवे प्रशिक्षण यांतले काहीच त्यात नसते. त्याहून मोठी मेख पुढच्या ओळीत असते: इतर कंपन्यांच्या उपकरणांशी जोडून वापरल्यामुळे उल्लंघन झाले तर संरक्षण नाही. नेटवर्क उपकरण दुसऱ्याशी जोडायचे नाही तर काय शोभेला ठेवायचे? ही ओळ काढून घ्या किंवा ‘प्रमाणित प्रोटोकॉलने जोडलेली इतर उपकरणे वगळून’ अशी दुरुस्ती मागा. न्यायालयीन आदेशामुळे एखादी सुविधा सॉफ्टवेअरमधून काढली किंवा बदलली तर तो दोष मानला जाईल, हेही लिहून घ्या.

दुसरी मागणी सॉफ्टवेअरच्या घटकांच्या यादीची. ती एसपीडीएक्स किंवा सायक्लोनडीएक्स या नमुन्यात, यंत्राला वाचता येईल अशी हवी, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर हवी. खरेदीच्या दिवशी दिलेली एकच पीडीएफ सहा महिन्यांत निरुपयोगी होते. यादी हातात आली की फर्मवेअर उकलून तिच्याशी ताडून पाहा. यादीत ओपनएसएसएलची एक प्रत आणि फर्मवेअरमध्ये तीन, असे दिसले तर विक्रेत्याला असे का, हा प्रश्न विचारा आणि उत्तर किती दिवसांत येते ते मोजा. उत्तराचा दर्जा हीच त्या कंपनीची खरी ओळख असते.

सोर्स कोड त्रयस्थाकडे ठेव म्हणून ठेवायची अट अनेक जण घालतात. कंपनी बुडाली किंवा तिच्यावर बंदी आली तर तो आपल्याला मिळेल, ही कल्पना. पण नुसता कोड मिळून फर्मवेअर बनत नाही. संकलकाची (कंपायलरची) नेमकी आवृत्ती, बांधणीच्या स्क्रिप्ट, चिप बनवणाऱ्याचा सॉफ्टवेअर संच हे सगळे ठेवीत हवे, आणि वर्षातून एकदा त्यातून प्रत्यक्ष बांधणी करून विकल्या जाणाऱ्या बायनरीशी ताडून पाहायला हवी. पहिल्यांदा ती जुळत नाही. बांधणीची वेळ बायनरीत घुसलेली असते, फोल्डरचे पूर्ण नाव घुसलेले असते, फायलींचा क्रम यंत्रागणिक बदललेला असतो. हे फरक काढता येतात. वेळ गोठवावी, मार्ग ठरावीक ठेवावा, फायली क्रमाने लावाव्यात. ज्या कंपनीला हे करायला सांगितल्यावर प्रश्नच समजत नाही, तिच्या कोडवर कसला शिक्का मारणार? एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: बनवलेली प्रतिमा (उपकरणावर चढवायची फर्मवेअरची फाइल) जुळली तरी उपकरण फक्त कंपनीच्या किल्लीने सही केलेलीच प्रतिमा स्वीकारत असेल, तर कंपनी गेल्यावर तुमची बांधणी त्यावर चढणार नाही. त्या परिस्थितीत ग्राहकाची किल्ली नोंदवण्याची सोय आहे का, हे आधी विचारायचे.

माल आल्यावरची कामे तशी सरळ आहेत. खोक्यावरचा अनुक्रमांक, पेटीवरचा, उपकरण स्वतः सांगते तो आणि कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदलेला, असे चारही जुळले पाहिजेत. नमुन्यादाखल काही नग उघडून आतल्या बोर्डचे फोटो कंपनीकडून मागवलेल्या फोटोंशी ताडा. उघडल्याने वॉरंटी जाणार नाही असे निविदेतच लिहून घेतले नसेल तर हे करता येत नाही आणि मग सगळे हळहळतात. बनावट मालाची खूण पुष्कळदा उशिरा पटते. एफ-सिक्युअर या सायबर सुरक्षा कंपनीने २०२० मध्ये सिस्कोच्या २९६०-एक्स मालिकेच्या दोन बनावट स्विचची चिरफाड प्रसिद्ध केली. ते स्विच व्यवस्थित चालत होते, सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर बंद पडले आणि तेव्हा संशय आला. त्यांत बॅकडोअर नव्हता, पण अस्सलपणाची तपासणी चुकवण्याची क्लृप्ती होती. यावरून सोपी युक्ती: नवीन नग जाळ्यात लावण्यापूर्वीच टेबलावर एकदा पुढच्या आवृत्तीवर न्या आणि परत मागे आणा.

फर्मवेअरची प्रतिमा तपासताना एक चूक सर्रास होते. उपकरणालाच त्याच्या फ्लॅशमधल्या (कायम स्मृतीतल्या) फायलीचा हॅश (फायलीवरून काढलेला आकड्यांचा ठसा) काढायला सांगतात आणि तो जुळला की निर्धास्त होतात. ही संशयिताचीच साक्ष झाली. प्रतिमा कंपनीच्या संकेतस्थळावरून वेगळ्या संगणकावर उतरवा, एसएचए-५१२ हॅश तिथे ताडा, मग बूटलोडरमधून (उपकरण सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून) फ्लॅश पुसून तीच प्रतिमा चढवा. नुसता फायलीचा आकार पाहून काही कळत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या सिनफुल नॉक या प्रकरणात चार देशांतल्या १४ सिस्को राउटरांवर बदललेली प्रतिमा सापडली होती, आणि आकार वाढू नये म्हणून मूळची काही फंक्शने पुसून त्यांच्या जागी हल्ल्याचा कोड बसवलेला होता. आत शिरायला कंपनीची चूक लागली नव्हती, बहुधा न बदललेले किंवा चोरलेले पासवर्ड पुरले होते. बूटलोडरमध्येच बदल असेल तर ही पद्धतही पुरत नाही, हे खरे. म्हणून पुढची व्यवस्था.

पुढची व्यवस्था म्हणजे उपकरणाला बोलूच न देणे. स्विचला स्वतःहून इंटरनेटवर कोणाशी बोलायचे काहीही कारण नसते. व्यवस्थापनाची वाहतूक वेगळ्या जाळ्यात ठेवा आणि तिथून बाहेर जाणारे सर्व काही आधी बंद करून मग मोजकेच उघडा: लॉग आपल्या सर्व्हरकडे, वेळ आपल्या एनटीपी सर्व्हरकडून, प्रवेशाची तपासणी टीसीपी ४९ वर टॅकॅक्स या प्रवेश-नियंत्रण सर्व्हरकडे, आणि आत येताना फक्त ठरलेल्या यंत्रांवरून एसएसएच (कूटलेखन असलेले दूरचे लॉगिन). डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) द्यायचाच असेल तर आपला, आणि अनोळखी नावांची चौकशी पुढे न पाठवणारा, कारण माहिती बाहेर नेण्याचा सगळ्यांत जुना मार्ग डीएनएसच्या प्रश्नांतून जातो. अडवलेले प्रत्येक पॅकेट नोंदवा. पहिल्या आठवड्यात भरपूर नोंदी दिसतील आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतील: परवाना तपासणी, कंपनीच्या क्लाउडशी संपर्क, बिघाडाचा आपोआप अहवाल. त्यावरून सुतावरून स्वर्ग गाठू नका. मात्र परवान्याचा संपर्क तोडला तर मुदत संपल्यावर काही सुविधा बंद पडतात, तेव्हा परवान्याचा स्थानिक सर्व्हर मिळतो का ते खरेदीपूर्वीच पाहा. दुसऱ्या बाजूने, वापरकर्त्यांच्या जाळ्यातून उपकरणाच्या स्वतःच्या पत्त्यांवर येणारी पॅकेट सीमेवरच टाकून द्या. सिनफुल नॉक जागे व्हायचे ते एका खास घडवलेल्या पॅकेटने. ते पोहोचलेच नाही तर पुढचे काही घडत नाही.

‘बॅकडोअर’ हा शब्द वापरतानाही जपायला हवे. एप्रिल २०१९ मध्ये इटलीतल्या व्होडाफोनच्या जुन्या हुआवे उपकरणांत बॅकडोअर सापडल्याची बातमी आली. व्होडाफोनचे म्हणणे होते की तो टेलनेट (कूटलेखनाविना दूरचे लॉगिन) होता, चाचणीसाठी उघडा ठेवलेला आणि बंद करायचा राहिलेला. टेलनेट उघडा राहणे वाईटच, पण ते कोणाच्याही उपकरणात सापडते.

नोंदी कुठून घ्यायच्या हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. ज्या स्विचवर संशय आहे त्याच्याच मिरर पोर्टवरून (वाहतुकीची प्रत देणाऱ्या जोडणीवरून) किंवा त्याच्याच फ्लो अहवालावरून (वाहतुकीच्या गोषवाऱ्यावरून) त्याची चौकशी करणे व्यर्थ आहे, कारण स्वतःची पॅकेट तो त्यातून वगळू शकतो. फायबरवर निष्क्रिय ऑप्टिकल टॅप, म्हणजे प्रकाशाचा काही हिस्सा निरीक्षणाकडे वळवणारा विभाजक, लावा. इथे गणित चुकते. १० गिगाबिटच्या एलआर, म्हणजे लांब पल्ल्याच्या, प्रकाशीय मॉड्यूलची किमान प्रक्षेपण शक्ती उणे ८.२ डीबीएम आणि स्वीकारण्याची किमान मर्यादा उणे १४.४ डीबीएम, म्हणजे हातात ६.२ डेसिबल. ५०-५० टॅप त्यातले साधारण ३.५ खातो. उरलेल्या २.७ मध्ये दोन जोडांचा एक डेसिबल धरला आणि फायबरचे किलोमीटरला ०.४ धरले तर चार किलोमीटरच्या पुढे भरवसा नाही, मॉड्यूलवर दहा किलोमीटर लिहिलेले असले तरी. ७०-३० टॅप घेतला तर मुख्य वाहतुकीला दोनच डेसिबलचा फटका बसतो, पण निरीक्षणाच्या बाजूला सुमारे सहा जातात, म्हणून तो प्रक्षेपण करणाऱ्या टोकाजवळच लावावा लागतो. मॉड्यूल सहसा किमानपेक्षा जास्त शक्ती देतात, तरी मीटरने मोजल्याशिवाय टॅप लावू नका. आणि दोन दिशांचे दोन वेगळे निर्गम असतात, त्यामुळे टिपणाऱ्या यंत्रावर एका जोडणीसाठी दोन पोर्ट लागतात. एकच पोर्ट मागवून अडकलेल्या जागा पुष्कळ आहेत.

वाहतूक वाचली जाण्याची भीती असेल तर उपाय कूटलेखन, पण ते संशयित उपकरणाच्या अलीकडे आणि पलीकडे, वेगळ्या कंपनीच्या पेट्यांवर. मॅकसेक हे जोडणीपुरते कूटलेखन प्रत्येक टप्प्यावर उलगडते, त्यामुळे संशयित स्विच मधला टप्पा असेल तर तो सगळे वाचतो. तिथे दोन टोकांमध्ये झाकलेला बोगदा करणारे आयपीसेक हवे. मॅकसेकने फ्रेम ३२ बाइटपर्यंत वाढते आणि आयपीसेकने त्याहून जास्त, म्हणून आयपीसेकच्या बोगद्यात टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या माहितीची कमाल मर्यादा) १३६० ठेवतात: १५०० बाइटमधून ४० आयपी आणि टीसीपीचे, उरलेले १०० बोगद्याला. हे केले नाही की पिंग जाते, लॉगिन होते आणि मोठे पान मात्र लटकते, कारण ‘तुकडे करा’ सांगणारा आयसीएमपी संदेश कुठल्यातरी फायरवॉलने अडवलेला असतो. दोष मग नव्या कंपनीच्या माथी जातो. ज्युनिपरचा अनुभव लक्षात घेता, अतिसंवेदनशील माहितीसाठी व्हीपीएनच्या आत टीएलएस (संकेतस्थळे वापरतात ते कूटलेखन) हेही ठेवावे.

कूटलेखनाने हेरगिरी थांबते, पण उपकरण मुद्दाम बंद पाडले गेले किंवा त्याचा पुरवठा तुटला तर त्याचा उपयोग नाही. त्यासाठी दोन कंपन्यांची उपकरणे ठेवतात. इथे बिल्ले पाहून फसू नका. अनेक कंपन्यांच्या स्विचमध्ये ब्रॉडकॉमची एकच चिप आणि तिचाच सॉफ्टवेअर संच असतो, कधी कधी कारखानाही एकच असतो. दोन वेगळे बिल्ले आणि आत एकच जीव. चिपचे नाव आणि संचाची आवृत्ती विचारून मगच ‘दोन पुरवठादार’ म्हणा. सुटे भाग प्रत्येक मॉडेलचा किमान एक पूर्ण नग, आणि वीजपुरवठा व पंखे त्याहून जास्त, कारण आधी तेच जातात. बंदीची कुणकुण लागल्यावर मागवायला गेलात तर सगळे एकाच वेळी मागवत असतात.

काढून टाकण्याचा खर्चही खरेदीच्या दिवशीच मांडायला हवा. अमेरिकेत लहान दूरसंचार कंपन्यांची हुआवे आणि झेडटीईची उपकरणे काढण्यासाठी संसदेने आधी १.९ अब्ज डॉलर दिले, दाव्यांतला मान्य खर्च ४.९८ अब्जांचा निघाला. उरलेली तरतूद व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला. तोपर्यंत कित्येक ठिकाणी जुनी उपकरणे चालूच होती, नव्या पॅचशिवाय किंवा नव्या भागांशिवाय. यापेक्षा अधिक असुरक्षित स्थिती कोणती, हे संबंधितांनीच ठरवावे.

शेवटी काढण्याच्या क्रमाबद्दल. संशयित उपकरणात टॅकॅक्सची किल्ली, एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलचे गुप्त शब्द, आयपीसेकच्या सामायिक किल्ल्या, प्रमाणपत्रे, राउटिंग शेजाऱ्यांचे पासवर्ड साठवलेले असतात. ते सगळे बदलावे लागतात, आणि ते उपकरण जाळ्यातून निघाल्यानंतर. आधी बदलले तर नव्या किल्ल्याही त्याच पेटीत जातात. ज्या टोकांवर एका रात्रीत सर्व किल्ल्या बदलणे शक्य नाही तिथे दोन किल्ल्या एकाच वेळी चालवण्याची सोय वापरा, आणि जुनी किल्ली बंद करण्याची तारीख देखभालीच्या वेळापत्रकात तेव्हाच लिहून ठेवा.

आपले,
नेटवर्कची उभारणी व देखभाल करणारे काही अभियंते